सीटी नॉर्मल आला, पण माणूस पूर्वीसारखा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी मोरीत पाय घसरून पडले, डोक्याची मागची बाजू कट्ट्यावर आपटली. शुद्ध हरपली नाही, एकदा उलटी झाली. त्याच दिवशी सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस १५/१५’ (शुद्धीच्या मोजपट्टीवर पूर्ण गुण) असं लिहून घरी पाठवलं. गेल्या पंधरा दिवसांपासून ते दिवसाही झोपून असतात, बारीकसारीक गोष्टींवरून चिडतात, ‘कशालाच चव नाही’ म्हणत ताट सरकवतात. चालताना उजव्या पायातली चप्पल मागे राहते आणि त्यांना पत्ताही नसतो. हृदयासाठी इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, रोज चालू आहे. घरात कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं पडल्याचा धसका घेतलाय.

आधी उत्तर, मग कारणं. आजच्या आज त्यांना न्यूरोसर्जन उपलब्ध असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि सीटी पुन्हा करा. पहिला नॉर्मल होता म्हणून थांबू नका. त्यांना हाक मारून, हलवून नीट जागं करता येत नसेल, उलट्या सुरू झाल्या असतील, बोलणं अडखळत असेल किंवा उभं राहता येत नसेल, तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

तुम्ही सांगितलेल्या सगळ्या लक्षणांत मला सर्वांत जास्त काळजी चप्पल निसटण्याची वाटते. झोप आणि चिडचिड यांना दहा कारणं असतील. शरीराच्या एकाच बाजूचा पाय ढिला पडायला मात्र फार थोडी कारणं असतात, आणि साठी ओलांडलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या, महिन्याभरापूर्वी पडलेल्या माणसात त्यातलं पहिलं कारण म्हणजे कवटी आणि मेंदूच्या मध्ये हळूहळू साचलेलं जुनं रक्त. वैद्यकीय भाषेत क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. उजवा पाय ढिला म्हणजे बहुधा साचलेलं रक्त डावीकडे असणार.

मग पहिल्या सीटीत ते दिसलं का नाही? कारण तेव्हा ते बहुतेक नव्हतंच. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे आधीच ताणलेल्या असतात. डोक्याला धक्का बसला की त्यातली एखादी चिरते आणि रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. ते पहिल्या दिवशी चहाच्या चमच्याएवढंही नसेल. शरीर त्याभोवती पातळ पापुद्रा तयार करतं, त्या पापुद्र्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पुन्हापुन्हा गळतात, आणि दोनतीन आठवड्यांत तो थर मेंदूला दाबू लागतो. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, असिट्रॉम यांसारख्या गोळ्या हे झिरपणं लांबवतात. नेहमी दारू पिणाऱ्यांत हाच प्रकार चाळिशीतही दिसतो. मार इतका किरकोळ असू शकतो की कुटुंबाला तो आठवतच नाही: कपाटाचं दार लागलं, बसच्या दांडीवर डोकं आदळलं.

स्कॅनची आणखी एक मेख लक्षात ठेवा. ताजं रक्त सीटीवर पांढरंशुभ्र दिसतं, जुनं झालेलं काळपट. मधल्या काळात, साधारण पहिल्या ते तिसऱ्या आठवड्याच्या दरम्यान, त्याचा रंग मेंदूच्याच करड्या रंगाशी जुळतो आणि घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून ते सुटू शकतं. दोन्ही बाजूंना सारखंच रक्त साचलं असेल तर मेंदूची मधली रेषही सरकत नाही, त्यामुळे फसगत आणखी वाढते. म्हणून त्या काळात केलेला स्कॅन ‘नॉर्मल’ आला आणि लक्षणं मात्र वाढतच असतील, तर रेडिओलॉजिस्टला पडल्याची तारीख सांगून फिल्म पुन्हा पाहायला लावावी किंवा एमआरआय करावा. तुमच्या वडिलांना पाच आठवडे झालेत, त्यामुळे साधा सीटीही पुरेसा बोलका असेल.

हॉस्पिटलात निघण्याआधी घरी एक साधी तपासणी करता येते. त्यांना खुर्चीवर बसवा. प्रसाद घेताना धरतो तसे दोन्ही हात पुढे करायला सांगा, कोपर सरळ, तळवे वर, खांद्याच्या उंचीवर. आता डोळे मिटायला सांगा आणि मनात २० आकडे मोजा. मेंदूच्या एका बाजूवर दाब असेल तर विरुद्ध बाजूचा तळवा हळूच आतल्या बाजूला वळू लागतो आणि मग हात खाली उतरतो. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना ते कळत नाही. पडताना खांदा दुखावला असेल तरी हात खाली येईल, पण तो सरळ खाली येतो, तळवा वळत नाही. हा वळणारा तळवा मोबाइलवर चित्रित करून ठेवा. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा तो दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो. हात अजिबात हलला नाही तरी स्कॅन टाळायचा नाही, कारण पायावर परिणाम असून हात शाबूत असणं शक्य आहे.

हा आजार सापडला तर घाबरून जाऊ नका. मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये ज्यांचा गुण लवकर दिसतो, त्यांतली ही एक आहे. कवटीला एक किंवा दोन छोटी भोकं पाडून ते काळपट, पातळ रक्त बाहेर काढतात, एकदोन दिवस नळी ठेवतात. थर पातळ असेल आणि लक्षणं नसतील तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. काहींमध्ये रक्त पुन्हा साचतं, म्हणून घरी आल्यावरही पुढचे दोनतीन महिने नजर ठेवावी लागते. घोटाळा होतो तो निदानाला उशीर झाल्यामुळे. या आजारात लक्षणं कमीजास्त होतात, सकाळी माणूस बरा वाटतो आणि संध्याकाळी बरळतो. मग त्याला ‘म्हातारचळ’, स्मृतिभ्रंश, नैराश्य किंवा ‘छोटा अटॅक’ अशी लेबलं लागतात. अर्धांगाचा झटका समजून रक्त पातळ करणारी गोळी वाढवली, तर अपाय दुप्पट होतो. झटका मिनिटांत येतो, हे दिवसांदिवसांनी चढत जातं. वेगातला हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता डिस्चार्ज कार्डावरच्या त्या १५/१५ बद्दल, कारण त्या आकड्याने फार लोकांना खोटा दिलासा मिळतो. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे जीसीएस, ही मोजपट्टी १९७४ साली ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बनवली. तिच्यात तीनच गोष्टी मोजतात: डोळे उघडण्याला ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. स्वतःहून डोळे उघडे आहेत, स्वतःचं नाव, ठिकाण, महिना बरोबर सांगता येतो आणि ‘हात वर करा’ म्हटल्यावर हात वर जातो, एवढं झालं की पूर्ण १५. घरखर्चाचा हिशेब जमतो का, वास येतो का, जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात का, बायकोशी बोलण्याचा सूर बदलला का, यातलं काहीच त्यात येत नाही. मोजपट्टी उत्तम आहे. पण ती शुद्ध मोजते, माणूस मोजत नाही.

तुमच्या वडिलांचं ताट सरकवणं बहुधा दुसऱ्याच इजेचं लक्षण आहे. नाकाच्या छतावर चाळणीसारखं पातळ हाड असतं. त्याच्या भोकांतून वासाच्या नसांचे धागे वर मेंदूत जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू कवटीत पुढेमागे हिंदकळतो आणि ते धागे तुटू शकतात. सीटीत यातलं काहीही दिसत नाही. रुग्ण ‘वास येत नाही’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो आमटी अळणी आहे, चहा नुसता गोड पाणी लागतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सगळी चव नाकाची असते.

घरी तपासताना डोळे मिटवा, एक नाकपुडी बंद करा आणि दुसरीखाली कॉफी पावडर, नुकतीच कुटलेली वेलची, संत्र्याची साल, अंगाचा साबण असं एकेक धरा. मग नाकपुडी बदला. अमृतांजन, व्हिक्स, कापूर, स्पिरिट किंवा चिरलेला कांदा वापरू नका. त्यांचा झणका चेहऱ्याच्या वेगळ्या नसेला जाणवतो, त्यामुळे वास पूर्ण गेलेला माणूसही ‘येतोय की’ म्हणतो. सर्दी असेल तर ती बरी झाल्यावर तपासा. वास गेला असेल तर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म लगेच बसवा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, आणि या माणसाला नेमकं तेच कळणार नाही. नासलेलं दूध, शिळी भाजी घरच्या दुसऱ्या कुणीतरी हुंगून द्यावी. पहिल्या वर्षात काहींचा वास काही अंशी परत येतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे चार ठरावीक वास दिवसातून दोनदा लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव किमान तीन महिने केला तर मदत होते.

डोळ्यांच्या बाबतीत अशीच फसवणूक होते. नंबर तपासला, ६/६ आला, म्हणजे दृष्टी ठीक, असं धरलं जातं. डोळे खाली वळवणारी एक लांब, बारीक नस डोक्याच्या माराने सहज दुखावते. मग समोर पाहताना काहीच होत नाही, पण जिना उतरताना किंवा मांडीवरचं वर्तमानपत्र वाचताना एकाची दोन चित्रं वर-खाली दिसतात. माणूस नकळत मान एका बाजूला कलती ठेवतो आणि घरचे म्हणतात मानेत उसण भरली. एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक होत असेल तर दोष डोळ्यांच्या जुळणीत आहे, चष्म्यात नाही. काहींना अर्धं चित्रच दिसत नाही. दाराच्या एकाच चौकटीला खांदा आपटतो, रस्ता ओलांडताना एकाच बाजूची गाडी कळत नाही.

याहून विचित्र प्रकार मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की होतो. डोळा पाहतो, पण डाव्या बाजूचं जगच लक्षातून जातं. आपल्याकडे याची तपासणी ताटातच मांडलेली असते. उजवीकडची भाजी, आमटी, पोळी संपते आणि डावी बाजू, म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, जशीच्या तशी राहते. ताट काहीही न बोलता अर्धं फिरवा. आता तीच कोशिंबीर उजवीकडे आली आणि ती लगेच खाल्ली गेली, तर तो नावडीचा प्रश्न नव्हता. दाढी अर्धीच होणं, सदऱ्याची डावी बाही तशीच लोंबणं, ही त्याचीच रूपं.

चक्कर हा शब्द डॉक्टरांसमोर नुसता वापरू नका, ती कशी येते ते सांगा. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर धक्क्याने आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागा सोडून गेलेत. हे डोकं मागे झुकवून केलेल्या एका चाचणीत कळतं आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून, बहुधा एकदोन बैठकांत, बरं होतं. त्याऐवजी गळ्यात पट्टा आणि महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या असा उपचार चालतो, याचं वाईट वाटतं. त्या गोळ्यांनी तोल सावरायला मेंदू जे शिकत असतो तेच मंदावतं.

सर्वांत जास्त घरं मोडतात ती कपाळामागच्या भागाला झालेल्या इजेने. हा भाग आखणी, संयम, पुढाकार आणि भान सांभाळतो. तो दुखावला तरी माणूस चालतो, बोलतो, जुन्या आठवणी अचूक सांगतो, आणि म्हणूनच कुणाला इजेची शंका येत नाही. एका प्रकारात पुढाकारच विझतो. सांगितलं तर आंघोळ करेल, नाही सांगितलं तर चार दिवस तसाच बसून राहील. हात चालतात, मनही उदास नसतं, पण कामाची सुरुवातच होत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात लगाम सुटतो. पाहुण्यांसमोर शिव्या, नको तिथे हात, अनोळखी माणसाला उसने पैसे, मोबाइलवरून एकामागून एक खरेदी. लोक म्हणतात, ‘पडल्यापासून माजलाय.’ दोन्ही प्रकारांत त्याला स्वतःला यातलं काही जाणवत नाही, कारण जाणवून घेणारा भागच दुखावलेला असतो. डॉक्टरांनी विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. म्हणून जोडीदाराने डॉक्टरांशी वेगळं, त्याच्या माघारी बोलणं आवश्यक आहे. ती चुगली नव्हे, तो तपासणीचा भाग आहे.

नेहमीची स्मरणशक्तीची छोटी चाचणी यात नॉर्मल येऊ शकते. घरी अंदाज घ्यायचा तर तीन गोष्टी करून पाहा. एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायला लावा. शिकलेला माणूस दहाच्या आत अडकला किंवा तीच तीच नावं फिरवू लागला तर ते नोंदवा. मांडीवर मूठ, मग हाताची कड, मग तळवा असा क्रम करून दाखवा आणि सहा वेळा न चुकता करायला सांगा. आणि एक पायऱ्यापायऱ्यांचं काम द्या, उदाहरणार्थ चहा. आधण ठेवलं, साखर टाकली, मध्येच फोन वाजला, आणि पातेल्यातलं पाणी आटून तळ करपला तरी लक्षात आलं नाही, हा साधा विसर नाही. पडण्याआधी हेच काम ते कसं करत होते याच्याशी तुलना करा, शेजाऱ्याशी नको.

एक प्रश्न प्रत्येक जखमी माणसाला विचारावा आणि तो फारच कमी वेळा विचारला जातो: ‘पडल्यानंतरचं सलग कधीपासून आठवतंय?’ पहिली तुटक आठवण नको, तिथपासून पुढचं सगळं साखळीने आठवतं तो क्षण हवा. अपघातानंतर माणूस रिक्षात बसतो, बोलतो, फॉर्मवर सही करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवत नाही. तेवढा वेळ मेंदू नोंद घेत नव्हता. ही फट २४ तासांच्या आत असेल तर इजा सहसा सौम्य गटात मोडते, एक ते सात दिवस असेल तर मध्यम, त्याहून जास्त तर गंभीर. स्कॅन स्वच्छ असला तरी ही फट इजेची खोली दाखवते, कारण मेंदूतल्या लांब तंतूंना बसलेला पीळ सीटीत बहुधा दिसत नाही.

थकवा महिनोन्महिने जात नसेल तर रक्ततपासणीकडे वळा. मेंदूच्या तळाशी एका बारीक देठावर, शरीरातल्या इतर ग्रंथींना आज्ञा देणारी पिट्युटरी ग्रंथी लटकते आणि धक्क्याने तो देठ दुखावू शकतो. पाळी थांबणं, दाढीचे केस कमी होणं, कामेच्छा जाणं, सारखी थंडी वाजणं, अशी लक्षणं तीन ते बारा महिन्यांत उमटतात. सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल, थायरॉइडसाठी टीएसएचच्या जोडीला फ्री टी-फोर, प्रोलॅक्टिन, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन एवढ्याने बरंच कळतं. एकटं टीएसएच इथे फसवतं, कारण आज्ञा देणारी ग्रंथीच मंद असली तर ते नॉर्मल दिसू शकतं. आणि पहिल्या दोन आठवड्यांत अचानक गोंधळ वाढला तर रक्तातलं सोडियम तपासा. ते घसरणं म्हाताऱ्यांत, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर, फार सामान्य आहे.

नुकताच मार लागलेल्यांसाठी वेळापत्रक वेगळं. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली तर रक्त तासांत साचतं, पण मध्ये एक फसवा काळ येऊ शकतो ज्यात माणूस अगदी ठीक बोलतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या, ठणठणीत दिसत होत्या, आलेली अँब्युलन्स परत पाठवली गेली, काही वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. म्हणून पहिले ४८ तास सोबत कुणीतरी हवंच. वाढत जाणारी डोकेदुखी, दोन किंवा जास्त उलट्या, वाढती गुंगी, आकडी, एका बाजूची कमजोरी, यातलं काहीही दिसलं की थेट हॉस्पिटल. एक बाहुली मोठी होणं हे उशिराचं लक्षण आहे, त्याची वाट पाहू नका. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्यायला हरकत नाही. पहिल्या रात्री दोनतीन तासांनी उठवून नाव, ठिकाण विचारा. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल द्या. काँबिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतं, ते आणि डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन पहिले दोन दिवस टाळा.

कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती निळंकाळं वर्तुळ दुसऱ्या दिवशी उगवलं, तर कवटीचा तळ तडकला असण्याची शक्यता धरा. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट काही ठिबकत असेल तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी गळत असेल तर तिथून जंतू आत शिरून मेंदूज्वर होऊ शकतो. नाक शिंकरू नका, कापूस कोंबू नका, लगेच दाखवा.

दारूच्या वासाने किती जीव गेलेत याची गणती नाही. पडलेला माणूस प्यायलेला असला की ‘उतरली की उठेल’ म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवतात. प्यायलेल्या माणसाची गुंगी तासागणिक कमी व्हायला हवी. ती तशीच राहिली किंवा वाढली, तर दारूचं कारण सोडून द्या आणि स्कॅन करा.

स्कॅन खरोखर स्वच्छ असलेल्या साध्या धक्क्यात एकदोन दिवस आराम पुरे. मोबाइल कमी, गोंगाट कमी, आणि मग हलकं चालणं सुरू. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्याने डोकेदुखी आणि निराशा लांबते. बहुतेक मोठी माणसं दोनेक आठवड्यांत, मुलं चारेक आठवड्यांत सावरतात. तोवर मुलांना कबड्डी, फुटबॉल, क्रिकेटच्या मैदानावर पाठवू नका आणि मोठ्यांनी दुचाकी चालवू नये. डोकेदुखीसाठी महिन्यातून पंधरा दिवस गोळी लागत असेल तर आता ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरत असण्याची शक्यता आहे.

तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. त्याने दूध पिणं सोडणं, टाळू फुगणं, एकसुरी किरकिर, कानाच्या वर किंवा मागे आलेली मऊ सूज, आलेलं कौशल्य जाणं, या खुणा धरा.

मार न लागताही मेंदूला इजा होते, त्यातली आपल्याकडची एक फार दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बंद बाथरूममधला गॅस गीझर. कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो. आंघोळीला गेलेला माणूस खाली कोसळतो, हातपाय झाडतो, बाहेर काढल्यावर शुद्धीवर येतो आणि ‘फीट आली’ म्हणून आकडीच्या गोळ्या सुरू होतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर यात ९८ दाखवतो, कारण त्याला विषारी वायूने व्यापलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. लगेच मास्कने भरपूर ऑक्सिजन आणि रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेला रक्तघटक, तपासणं, हे करायला हवं. पूर्ण बरा झालेला माणूस दोन दिवस ते साधारण सहा आठवडे उलटल्यावर पुन्हा बिघडू शकतो: विसरणं, पावलं घासत चालणं, कपड्यात लघवी होणं. घरी शुद्ध हरपलेली असताना बाथरूममध्ये गॅस गीझर होता, हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला लागतं.

गळा आवळला गेल्यानेही मेंदूला प्राणवायू तुटतो, आणि गळ्यावर वळ असेलच असं नाही. बसलेला आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या क्षणी लघवी सुटल्याची आठवण, या खुणा असतात. वारंवार ‘पडणाऱ्या’ बाईला नवऱ्यासमोर विचारून उपयोग नाही. तिला एकटीला, शांतपणे विचारा, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन तिला माहीत आहे याची खात्री करा.

तुमच्या वडिलांकडे परत येतो. जाताना जुन्या सीटीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडी न्या, म्हणजे नवी-जुनी शेजारी ठेवून पाहता येईल. कागदावर पाच ओळी लिहा: पडल्याची तारीख, पहिला बदल कधी दिसला, त्यानंतर काय वाढलं, चपलेची गोष्ट, वासाची गोष्ट. ‘वागणं बदललंय’ असं मोघम लिहू नका, ‘१२ तारखेपासून दुपारी चार तास झोपतात, आधी झोपत नव्हते’ असं लिहा. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. ऑपरेशन लागू शकतं, तेव्हा निघाल्यापासून खायला काही देऊ नका. इकोस्प्रिनची आजची गोळी दिली नसेल तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत थांबा, पण हृदयात स्टेंट असेल तर ते आधी सांगा, कारण ती किती दिवस बंद ठेवायची हे त्यावर ठरतं. आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली, हे त्या कागदाच्या सगळ्यात वर लिहा. सर्जन ते लगेच विचारतील.